पॉवरपॉइंटचे मॅक्रो प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये हाताशी कसे ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा: पॉवरपॉइंटमध्ये पाच मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहिले आहेत. चित्रांना सारखी कडा देणं, शीर्षकं एका रेषेत आणणं, कोपऱ्यात ‘मसुदा’ असा शिक्का टाकणं, अशी रोजची कामं. ज्या फाइलमध्ये लिहिले तिथे ते उत्तम चालतात, पण दुसरं प्रेझेंटेशन उघडलं की यादीत एकही दिसत नाही आणि दर वेळी कोड पुन्हा चिकटवावा लागतो. एक्सेलमध्ये पर्सनल वर्कबुकमध्ये टाकलं की भागतं, मग पॉवरपॉइंटमध्ये ती जागा कुठे आहे?

ती जागा पॉवरपॉइंटमध्ये नाहीच. वर्डला ‘नॉर्मल’ टेम्प्लेट आहे, एक्सेलला पर्सनल वर्कबुक आहे; पॉवरपॉइंट चालू झाल्यावर आपणहून उघडणारी आणि तुमचा कोड सांभाळणारी अशी फाइल मात्र त्याला कधी दिलेली नाही. त्यामुळे सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. त्याच्याऐवजी आहे ते ॲड-इन, म्हणजे पॉवरपॉइंटला जोडून ठेवता येणारी जादा सोयींची फाइल. तुमच्या मॅक्रोंची फाइल ‘पॉवरपॉइंट ॲड-इन’ या प्रकारात, म्हणजे पीपीएएम म्हणून सेव्ह करायची आणि एकदा जोडायची. पुढे पॉवरपॉइंट उघडताना ते सोबत येतं. २००७ च्या आधी याच प्रकाराला पीपीए म्हणत.

एवढंच सांगून थांबणारी उत्तरं खूप मिळतात, आणि ती वाचून ॲड-इन बनवणारा माणूस दोन दिवसांनी नवी तक्रार घेऊन येतो: ॲड-इन जोडलं, पण मॅक्रो दिसत नाही, किंवा दिसतो, पण भलतंच करतो. इतकी वर्षं हेच काम करताना मला एक गोष्ट पटली आहे. फाइल कुठे ठेवायची हा यातला सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे एका प्रेझेंटेशनकडे बघत लिहिलेला कोड परक्या प्रेझेंटेशनवर चालण्याजोगा करणं. म्हणून दोन्ही सांगतो आणि दुसऱ्यावर जास्त वेळ घालवतो.

आधी हे ठरवा की तुम्हाला खरंच ॲड-इन हवं आहे का. महिन्यातून एकदाच लागणारा मॅक्रो असेल तर ती पीपीटीएम फाइल (मॅक्रो सांभाळणारं प्रेझेंटेशन) नुसती उघडी ठेवा, कामाचं प्रेझेंटेशन समोर आणा आणि ऑल्ट-एफ८ दाबा. खिडकीच्या तळाशी ‘मॅक्रो इन’ अशी यादी असते, तिथे ‘ऑल ओपन प्रेझेंटेशन्स’ निवडलं की दुसऱ्या उघड्या फाइलमधले मॅक्रोही दिसतात आणि चालतात. पुष्कळांचं काम इथेच भागतं. टेम्प्लेटमध्ये कोड टाकण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो मी देत नाही. एक तर आधीच तयार असलेल्या फाइल्सना त्याचा काही उपयोग नाही, आणि त्या टेम्प्लेटवरून केलेल्या प्रत्येक फाइलमध्ये कोडची वेगळी प्रत राहते. सहा महिन्यांनी एक चूक सापडली तर ती कुठेकुठे दुरुस्त करणार? त्यातून कोणी फाइल पीपीटीएक्स या मॅक्रो न ठेवणाऱ्या साध्या प्रकारात सेव्ह केली की कोड गळून पडतो, तो वेगळाच.

आणखी एक अपवाद. स्लाइड शो चालू असताना स्लाइडवरच्या बटणाने चालणारा मॅक्रो असेल, उदाहरणार्थ प्रश्नमंजुषेतले गुण मोजणारा, तर तो त्या प्रेझेंटेशनमध्येच राहू द्या. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर चालेल तेव्हा तिथे तुमचं ॲड-इन नसेल. तुमचे पाचही मॅक्रो स्लाइड बनवतानाचे आहेत, म्हणून तुम्हाला ॲड-इनच योग्य.

आता कोडकडे वळू. ॲड-इनमध्ये गेल्यावर ‘ॲक्टिव्हप्रेझेंटेशन’ म्हणजे वापरणाऱ्याच्या समोर असलेलं प्रेझेंटेशन, आणि आपल्याला तेच हवं असतं. पण कोड लिहिताना आपण समोरच्या स्लाइडकडे बघत असतो, आणि तिच्याबद्दलची गृहीतकं नकळत आकड्यांत आणि नावांत जाऊन बसतात. ती एकेक करून उपसावी लागतात.

तुमच्या शिक्क्याचंच उदाहरण घ्या. समजा तो डावीकडून ६०० आणि वरून ५०० पॉइंटवर ठेवला आहे; रुंदी ११०, उंची ३०. पॉवरपॉइंट मोजमाप पॉइंटात करतं, ७२ पॉइंटांचा एक इंच. जुन्या ४:३ स्लाइडचा आकार ७२० बाय ५४०, म्हणजे शिक्का उजव्या तळाच्या कोपऱ्यात नेमका बसतो. हाच कोड २०१३ पासूनच्या नेहमीच्या रुंद स्लाइडवर चालवा. तिचा आकार ९६० बाय ५४० आहे. शिक्का खाली बरोबर राहतो, पण त्याच्या उजवीकडे २५० पॉइंट मोकळे दिसतात. आता त्याआधीच्या १६:९ स्लाइडवर चालवा, ती ७२० बाय ४०५ ची. ५०० पॉइंटवर तिथे स्लाइडच नाही! शिक्का स्लाइडच्या खाली, बाहेर जाऊन पडतो. मॅक्रो कसलीही चूक दाखवत नाही, आणि तुम्हाला वाटतं तो चाललाच नाही. उपाय साधा आहे: ‘पेजसेटअप’मधून ‘स्लाइडविड्थ’ आणि ‘स्लाइडहाइट’ विचारून घ्या, रुंदीतून शिक्क्याची रुंदी आणि दहा पॉइंटांचा समास वजा करा, उंचीचंही तसंच. सबंध कोडमध्ये जागेसाठी लिहिलेला प्रत्येक नुसता आकडा शोधा आणि तो कशाच्या तुलनेत आहे हे स्वतःला विचारा.

दुसरं गृहीतक चित्रांचं, आणि यात अनुभवी माणसंही फसतात. चित्रांना कडा देणारा मॅक्रो स्लाइडवरच्या प्रत्येक आकाराचा ‘टाइप’ तपासतो आणि तो चित्राचा, म्हणजे १३, असेल तर कडा देतो. तुमच्या फाइलमध्ये चित्रं बहुधा थेट चिकटवलेली असतील, म्हणून ते चालतं. पण ज्याने लेआउटमधल्या चौकटीतल्या चिन्हावर क्लिक करून चित्र घातलं, त्याच्या स्लाइडवर त्याच चित्राचा टाइप १४ येतो, म्हणजे प्लेसहोल्डर, लेआउटमधली राखीव चौकट. मॅक्रो ते चित्र सोडून पुढे जातो. अशा वेळी प्लेसहोल्डरच्या आत काय आहे हे ‘प्लेसहोल्डरफॉरमॅट’च्या ‘कंटेन्डटाइप’ला विचारावं लागतं. शिवाय कोणीतरी तीन चित्रं एकत्र करून गट केलेला असतो. तिथे बाहेरून फक्त गट दिसतो, आत ‘ग्रुपआयटम्स’मध्ये शिरावं लागतं. माझ्याकडे एक चाचणीची फाइल आहे, तिच्यात मुद्दाम हे सगळे प्रकार ठेवले आहेत: सुटं चित्र, प्लेसहोल्डरमधलं चित्र, गटातलं चित्र, तक्ता, आलेख, मजकूर नसलेली रेघ. नवा मॅक्रो आधी तिच्यावर चालवल्याशिवाय मी कोणाला देत नाही. अशी फाइल तुम्हीही एकदा बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि वर्षानुवर्षं पुरतं.

शीर्षकांच्या मॅक्रोत तुम्ही ‘टायटल १’ असं नाव वापरलं असेल तर ते काढा. आकारांची नावं कोणीही बदलू शकतं, आणि दुसऱ्या भाषेतल्या पॉवरपॉइंटमध्ये बनलेल्या फाइलमध्ये ती त्या भाषेत असतात. स्लाइडला शीर्षक आहे का हे ‘शेप्स’च्या ‘हॅजटायटल’ने विचारा, असेल तरच ‘शेप्स’चं ‘टायटल’ घ्या. रंगांचंही तसंच. आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) तीन आकडे तुमच्या थीमला शोभतात, दुसऱ्याच्या गडद पार्श्वभूमीवर ते वाचताही येत नाहीत. ‘ऑब्जेक्टथीमकलर’ दिला की मॅक्रो समोरच्या थीमचा रंग उचलतो.

निवडीबद्दलही सावध राहा. तुम्ही स्वतः मॅक्रो चालवता तेव्हा चित्र निवडलेलं आहे हे तुम्हाला माहीत असतं. दुसऱ्याने काहीच निवडलेलं नसेल, किंवा डावीकडच्या पट्टीत दोन स्लाइडांच्या मधे कर्सर असेल, तर निवडीला हात लावताच चूक येते. एकही प्रेझेंटेशन उघडं नसताना बटण दाबलं जातं तेव्हाही तेच. म्हणून प्रत्येक मॅक्रोच्या सुरुवातीला दोन तपासण्या ठेवा: उघड्या खिडक्यांची संख्या शून्य तर नाही ना, आणि निवडीचा प्रकार आपल्याला हवा तोच आहे ना. नसेल तर ‘आधी एक चित्र निवडा’ असा साधा मराठी संदेश दाखवून बाहेर पडा. पण कोडमध्ये सरळ देवनागरी लिहिता येत नाही, कोड लिहायच्या व्हिज्युअल बेसिक (व्हीबीए) संपादकाला युनिकोड समजत नाही आणि प्रश्नचिन्हं उमटतात. ‘मसुदा’ हा शब्द तुम्ही अक्षरांच्या क्रमांकांवरून ‘सीएचआरडब्ल्यू’ने जोडला असेलच. साध्या संदेशपेटीतही ही अक्षरं नीट दिसतील याची खात्री नसते, त्यामुळे संदेश रोमन लिपीत ठेवणं सोयीचं पडतं.

एक ओळ मात्र प्रत्येक मॅक्रोत घालाच: ‘ॲप्लिकेशन’चं ‘स्टार्टन्यूअनडूएंट्री’. २०१० पासून ही सोय आहे. मॅक्रोचं काम सुरू होण्याआधी ती लिहिली की त्याने केलेले बदल अनडूच्या यादीत आधीच्या कामापासून वेगळे राहतात. नाहीतर मॅक्रो मागे घ्यायला जाताना माणसाने स्वतः हाताने केलेलं कामही त्यासोबत उलटू शकतं. परक्याच्या स्लाइडवर हात टाकणाऱ्या कोडने एवढी काळजी घ्यायलाच हवी.

कोड असा धुऊन काढला की मग ॲड-इन. इथे पहिला धक्का बसतो: ॲड-इनमधले मॅक्रो ऑल्ट-एफ८ च्या यादीत दिसतच नाहीत. ती बिघाडाची खूण नव्हे, रचनाच तशी आहे. बटण तुम्ही द्यायचं. त्याचे दोन मार्ग आहेत.

जुना मार्ग ‘ऑटो_ओपन’चा. या नावाचा मॅक्रो लिहिला की ॲड-इन जोडलं जाताना तो आपोआप चालतो, आणि काढताना ‘ऑटो_क्लोज’ चालतो. साध्या पीपीटीएममध्ये हे दोन्ही आपोआप चालत नाहीत, म्हणून तिथे चाचणी घेऊन ‘चालत नाही’ म्हणू नका. ऑटो_ओपनमध्ये ‘कमांडबार’ (बटणांची पट्टी) बनवून बटणं जोडायची. २००७ पासून ती रिबनवर, म्हणजे खिडकीच्या वरच्या टॅबांच्या पट्टीवर, ‘ॲड-इन्स’ टॅबखाली दिसतात. ऑटो_क्लोजमध्ये तो बार पुसायला विसरू नका, नाहीतर बटणांच्या जोड्या वाढत जातात. फक्त स्वतःसाठी, विंडोजवर, चार-पाच मॅक्रो असतील तर हे पंधरा मिनिटांत होतं.

नवा मार्ग रिबनचा. पीपीटीएम ही आतून झिप फाइल असते. तिच्यात ‘कस्टमयूआय’ नावाचा एक्सएमएल भाग घालून स्वतःचा टॅब, गट आणि बटणं मांडता येतात. ‘ऑफिस रिबनएक्स एडिटर’ हे मोफत साधन यासाठी आहे. ते वापरताना ती पीपीटीएम पॉवरपॉइंटमध्ये उघडी ठेवू नका, दोघांपैकी एकाचे बदल जातील. बटणाच्या ‘ऑनॲक्शन’मध्ये मॅक्रोचं नाव द्यायचं, आणि त्या मॅक्रोच्या कंसात ‘कंट्रोल ॲज आयरिबनकंट्रोल’ हे लिहायचंच. ते राहिलं तर बटण दाबल्यावर आर्ग्युमेंट्सची संख्या चुकल्याचा संदेश येतो आणि माणूस नको तिथे चूक शोधत बसतो. माझी पद्धत अशी की खरं काम करणारा मॅक्रो वेगळा, कंसात काही नसलेला; आणि बटणासाठी त्याला हाक मारणारा एका ओळीचा वेगळा. मग पीपीटीएममध्ये असताना मूळ मॅक्रो ऑल्ट-एफ८ ने तपासता येतो. रिबनच्या एक्सएमएलमध्ये चूक असेल तर टॅब गुपचूप गायब राहतो. ऑप्शन्समध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘जनरल’ गटात ॲड-इनच्या इंटरफेसमधल्या चुका दाखवण्याची खूण आहे, ती आधीच करून ठेवा.

वेळ असेल तर रिबनचाच मार्ग घ्या. मॅकवरही तोच उपयोगी पडतो. आणि रिबनवरच्या बटणावर उजवं क्लिक करून ते क्विक ॲक्सेस पट्टीवर आणता येतं. पॉवरपॉइंटमध्ये मॅक्रोला थेट कीबोर्डची कळ देण्याची सोय नाही, पण विंडोजवर त्या पट्टीवरचं पहिलं बटण ऑल्ट-१ ने, दुसरं ऑल्ट-२ ने चालतं. दिवसातून पन्नास वेळा लागणाऱ्या मॅक्रोसाठी याहून जलद काही नाही.

जोडण्याचं काम सरळ आहे. ‘सेव्ह ॲज’मध्ये पॉवरपॉइंट ॲड-इन हा प्रकार निवडला की पॉवरपॉइंट स्वतःच तुमच्या ‘ॲडइन्स’ फोल्डरकडे जातं, तिथेच सेव्ह करा. मग फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स. खाली ‘मॅनेज’मध्ये ‘पॉवरपॉइंट ॲड-इन्स’ निवडून ‘गो’, आणि ‘ॲड न्यू’. मॅकवर हीच खिडकी ‘टूल्स’ मेनूत मिळते.

पीपीटीएम मात्र जपून ठेवा. पीपीएएम उघडून दुरुस्त करता येत नाही. दुरुस्ती नेहमी पीपीटीएममध्ये करायची आणि पुन्हा पीपीएएम काढायचं. सुरुवातीच्या काळात मी एकदा ‘आता ॲड-इन झालं’ म्हणून मूळ फाइल पुसून टाकली होती आणि आठवड्याभरात पहिली चूक सापडली. तेव्हा सुटका झाली ती रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, एका नोंदीमुळे. पॉवरपॉइंटच्या ‘ऑप्शन्स’ कीखाली ‘डीबगॲडइन्स’ नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) नोंद करून तिला १ ही किंमत दिली आणि पॉवरपॉइंट पुन्हा सुरू केलं, की जोडलेलं ॲड-इन व्हिज्युअल बेसिकच्या खिडकीत दिसू लागतं. तिथून प्रत्येक मॉड्यूल एक्स्पोर्ट करून वाचवता आलं. कोडला पासवर्ड लावलेला असता तर तोही लागला असता. ही नोंद मी आजही ठेवतो, कारण ॲड-इन म्हणून चालतानाच उद्भवणारी चूक तिथे ओळीओळीने पाहता येते. पण त्या खिडकीत केलेली दुरुस्ती पीपीएएममध्ये सेव्ह होत नाही, तेवढं विसरू नका.

नवी आवृत्ती चढवताना आधी ॲड-इनच्या यादीतली खूण काढा, मग जुन्यावर नवीन सेव्ह करा आणि खूण परत लावा.

ॲड-इनला सोबत काही सामान लागत असेल, जसं की एखादी तयार स्लाइड किंवा लोगो, तर ते ॲड-इनच्या फाइलमध्ये ठेवून मिळणार नाही. ॲड-इन झाल्यावर त्यातल्या स्लाइड्स प्रेझेंटेशन म्हणून हाती लागत नाहीत, आणि एक्सेलमधल्या ‘धिसवर्कबुक’सारखा ‘मी स्वतः’ सांगणारा शब्द पॉवरपॉइंटमध्ये नाही. ते सामान शेजारी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ‘ॲप्लिकेशन’च्या ‘ॲडइन्स’मधून आपल्या नावाचं ॲड-इन शोधा, त्याचा ‘पाथ’ घ्या आणि ‘इन्सर्टफ्रॉमफाइल’ने स्लाइड आणा.

पुढचं परिस्थितीवर अवलंबून आहे. ॲड-इन फक्त तुमच्यासाठी असेल तर ॲडइन्स फोल्डर सहसा विश्वासाच्या जागांमध्ये आधीपासून असतो आणि काही अडत नाही. सहकाऱ्यांना द्यायचं असेल तर २०२२ पासून इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलमधले मॅक्रो विंडोजवर मुळातच रोखले जातात. त्यांना फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करायला सांगा, आणि ते जोडण्याच्या आधी. कार्यालयाच्या संगणक विभागाने मॅक्रो पूर्ण बंद ठेवले असतील तर कोडमध्ये काहीही करून उपयोग नाही. त्यांच्याशी बोलून कोडवर मान्यताप्राप्त डिजिटल सही घ्यावी लागते. ‘सेल्फसर्ट’ने स्वतः बनवलेली सही तुमच्याच संगणकावर चालते, इतरांकडे तिला वजन नाही. कोणाकडे ६४-बिट ऑफिस असेल आणि तुमच्या कोडमध्ये विंडोजच्या अंगच्या फंक्शन्सच्या ‘डिक्लेअर’ ओळी असतील, तर तिथे ‘पीटीआरसेफ’ हवं. आणि ब्राउझरमधलं किंवा फोनवरचं पॉवरपॉइंट व्हीबीए चालवतच नाही. तिथेही हवं असेल तर जावास्क्रिप्टमधलं ऑफिस ॲड-इन हे वेगळं काम आहे, त्यात हा कोड जसाच्या तसा नेता येत नाही.

तुमच्या पाचपैकी शिक्क्याच्या मॅक्रोपासून सुरुवात करा. तो सर्वांत लहान आहे आणि आकड्यांचं गृहीतक त्यात उघड दिसतं. वर सांगितलेल्या तिन्ही आकारांच्या स्लाइड्सवर तो कोपऱ्यात बसला, की तेवढ्या एकाच मॅक्रोचं ॲड-इन काढून जोडून बघा. टॅब दिसला आणि बटण चाललं, तर उरलेले चार त्याच पीपीटीएममध्ये एकेक करून आणा. टॅब दिसला नाही किंवा चूक आली, तर चुकीच्या संदेशाचे नेमके शब्द, ऑफिसची आवृत्ती आणि ते ३२-बिट आहे की ६४, एवढं कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.